प्रोजेक्टरची मांडणी आणि पडद्यावरचे चित्र

बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या नीराकाठच्या ऊसपट्ट्यातील गावी, घरातली एखादी खोली चित्रपट पाहण्यासाठी राखून ठेवावी, ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. उसाचे बिल हाती आले, घराची डागडुजी झाली, की मुले प्रोजेक्टरचा हट्ट धरतात आणि यंत्र घरी येते. परंतु पुष्कळदा असे घडते की, दुकानात डोळे दिपवणारे चित्र घरच्या भिंतीवर फिकट, धुरकट आणि निस्तेज दिसू लागते. मग दोष यंत्राच्या माथी मारला जातो आणि त्याहून महाग यंत्राचा विचार सुरू होतो. वास्तविक अशा वेळी यंत्र बहुधा निर्दोष असते. ते कोठे ठेवले, कसे ठेवले आणि त्याची बटणे कशी लावली, याचा विचार झालेला नसतो. तो विचार कोणत्या क्रमाने करावा, हे येथे पाहू.

प्रोजेक्टरचा मूळ धर्म प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. तो पडद्यावर उजेड टाकू शकतो. काळोख टाकू शकत नाही. चित्रातील काळा रंग म्हणजे पडद्याचा तो भाग, जेथे यंत्राने उजेड टाकण्याचे टाळले आहे. तेव्हा तो भाग किती काळा दिसेल, हे खोलीत आधीपासून किती उजेड आहे यावरच अवलंबून राहते. पांढऱ्या भिंतीवर दुपारी प्रोजेक्टर लावला, तर भिंतीच्या पांढऱ्यापेक्षा अधिक काळे असे काहीच त्या चित्रात असू शकत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. १०० इंच कर्णाचा रुंदट पडदा सुमारे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. त्याचे क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर भरते. त्यावर १००० लुमेन उजेड टाकला, तर दर चौरस मीटरला सुमारे ३६० लुमेन, म्हणजे ३६० लक्स इतका प्रकाश पडतो. आता खिडकीतून पडद्यावर १०० लक्स उजेड येत असेल, तर पांढऱ्या भागावर ४६० आणि काळ्या भागावर १०० असे प्रमाण राहील. म्हणजे पांढरा हा काळ्याच्या साडेचारपटच उजळ. जाड पडदे ओढून तोच उजेड ५ लक्सवर आणला, तर हे प्रमाण सत्तरपटीच्या वर जाते. यंत्र तेच, चित्रपट तोच. फरक काय तो खिडकीच्या पडद्याचा! चित्रपटगृहातील डिजिटल चित्रासाठी जी उजळपणाची पातळी ठरलेली आहे, ती एवढ्या साध्या पांढऱ्या पडद्यावर मिळवण्यास काळोख्या खोलीत ४१५ लुमेनच्या आसपास उजेड पुरतो. हजारो लुमेनच्या जाहिरातीमागे धावण्याआधी हा आकडा आठवावा.

ही गोष्ट आपल्याकडील जुन्या मंडळींना पुस्तकाविना कळलेली होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील चित्रांचे खेळ सुरू केले, तेव्हा अंधार हे त्यांचे पहिले भांडवल होते. पुढे महाराष्ट्रातील जत्रांतून फिरती चित्रपटगृहे तंबू ठोकू लागली. त्यांच्या अखेरच्या दिवसांचे चित्रण करणारा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखवला गेला. या तंबूतील यंत्रचालकाचे काम पाहण्यासारखे असे. पडदा ताणून बांधावयाचा, यंत्र पडद्यासमोर सरळ आणि स्थिर बसवावयाचे, झोताच्या वाटेत कोणाचे डोके येऊ द्यावयाचे नाही. कार्बनच्या दोन कांड्यांमधील ज्योतीवर दिवा चालत असे, त्या काळी कांड्या झिजतील तशा जवळ आणीत राहावयाचे. ही सारी खटपट म्हणजेच आज आपण ज्याला ‘सेटिंग’ म्हणतो ती होय.

अंधाराची सोय झाल्यावर यंत्राची जागा. भिंगाचा रोख पडद्याशी काटकोनात असावा, हा मुख्य नियम. यंत्र खालच्या टेबलावर ठेवून त्याचे तोंड वर उचलले, की चित्राची वरची कड रुंद आणि खालची अरुंद होते. हे दुरुस्त करण्यासाठी ‘कीस्टोन’ नावाची सोय यंत्रात असते आणि लोक ती निर्धास्तपणे वापरतात. परंतु ती फुकटची नव्हे. नेहमीच्या फुल एचडी यंत्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० प्रकाशबिंदू असतात. वरची कड खालच्यापेक्षा सव्वापट रुंद झाली असेल, तर ती सरळ करताना यंत्र निदान दोन लाख बिंदू निकामी करते. उरलेल्यांत चित्र कोंबून बसवावे लागते, म्हणून अक्षरांच्या कडा पुसट होतात. तेव्हा यंत्र स्टुलावर, फळीवर वा छताला योग्य उंचीवर बसवून कीस्टोन शून्यावर ठेवणे हेच उत्तम. ज्या यंत्रांत भिंगच वरखाली सरकवण्याची सोय असते, तेथे हे काम अधिक सोपे होते.

पडद्याच्या आकाराचा मोहही आवरावा. १०० इंचांऐवजी १२० इंचांचे चित्र केले, तर क्षेत्रफळ १.४४ पट वाढते आणि तोच उजेड अधिक जागेवर पसरून चित्राचा उजळपणा सुमारे सत्तर टक्क्यांवर येतो. १०० इंचांच्या पडद्यापासून तीन ते चार मीटरवर बसले, म्हणजे चित्र मोठेही वाटते आणि डोळ्यांस शीणही होत नाही. पडदा मंद पांढरा, चकाकी नसलेला असावा. त्याच्या लगतच्या भिंतींना व छताला मात्र गडद रंग दिलेला बरा. चुन्याने पांढरी केलेली भिंत पडद्यावरचा उजेड पुन्हा पडद्याकडेच परतवते आणि काळा रंग बिघडवते.

इतके झाल्यावरच बटणांना हात लावावा, आणि तोही यंत्र वीस-तीस मिनिटे चालून तापल्यानंतर. कारण तापताना फोकस व रंग दोन्ही किंचित हलतात. प्रथम लहान अक्षरांचे चित्र लावून मध्यभाग आणि चारही कोपरे यांचा फोकस पाहावा. नंतर ‘ब्राइटनेस’. हे नाव फसवे आहे. हे बटण मुख्यतः काळ्या रंगाची पातळी ठरवते. ‘कॉन्ट्रास्ट’चे बटण पांढऱ्याची पातळी ठरवते. यासाठी घरगुती कसोटी सांगतो. काळी घोंगडी पांघरलेल्या आणि पांढरा फेटा बांधलेल्या माणसाचा चांगला फोटो पडद्यावर लावावा. घोंगडी काळीच दिसली पाहिजे, पण तिची वीणही दिसली पाहिजे. वीण हरवली तर ब्राइटनेस कमी पडला, घोंगडी राखाडी झाली तर जास्त झाला. फेटा शुभ्र दिसावा, पण त्याच्या चुण्या मोजता याव्यात. चुण्या नाहीशा झाल्या तर कॉन्ट्रास्ट जास्त झाला. एक बटण फिरवले की दुसरे थोडे बिघडते, म्हणून दोन-तीनदा आलटून पालटून पाहावे.

कितीही फिरवले तरी काळा राखाडीच राहत असेल, तर आणखी एक ठिकाण तपासावे. चित्रपटाच्या डिजिटल संकेतात काळा १६ आणि पांढरा २३५ या अंकाने दर्शवतात; संगणक मात्र ० ते २५५ अशी मोजणी करतो. पाठवणारे यंत्र एका मापाने बोलले आणि प्रोजेक्टरने दुसऱ्या मापाने ऐकले, की काळा फिका पडतो किंवा सावल्यांतील तपशील बुडून जातो. दोन्हीकडे एकच माप निवडले की हा दोष जातो.

रंगाच्या बाबतीत डोळा हा लबाड साक्षीदार आहे. निळसर पांढरा त्याला अधिक स्वच्छ वाटतो आणि काही मिनिटांत तो कोणत्याही छटेला सरावतो. म्हणून दुकानात लावलेली ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ ही रीत निळसर-हिरवट, भडक ठेवलेली असते. चित्रपट तयार करणारे ज्या पांढऱ्यावर रंग ठरवतात तो सुमारे ६५०० केल्विनचा असतो. त्याला ‘सिनेमा’ नावाची रीत सामान्यतः अधिक जवळ असते. तीच निवडावी आणि रोज पाहण्यातल्या रंगांशी पडताळावी. बांधावरचा ऊस पडद्यावर रंगवलेल्या खेळण्यासारखा पोपटी चमकू लागला, किंवा माणसाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसला, तर रंग बिघडले आहेत असे समजावे. अधिक अचूकता हवी असेल, तर रंग मोजणारे उपकरण घेऊन जाणकाराकडून एकदा जुळणी करून घ्यावी.

एकदा केलेली जुळणी कायम टिकत नाही. पाऱ्याच्या वाफेचा दिवा आपल्या आयुष्याच्या अखेरीस निम्म्या उजेडावर येतो. त्यातून आपल्याकडे धूळ, आणि पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी. ती जाळीत अडकली की हवा खेळत नाही, यंत्र तापते आणि दिव्याचे आयुष्य घटते. जाळी नियमाने साफ करावी. वीज अचानक गेली, तर तापलेल्या दिव्याला थंड करणारा पंखाही थांबतो. म्हणून अशा यंत्रास काही मिनिटे पुरेल असा यूपीएस जोडणे शहाणपणाचे आहे.

हा सारा विषय केवळ करमणुकीचा नाही. आज गावोगावच्या शाळांतून प्रोजेक्टरवर धडे दाखवले जातात. तेथे खिडक्या उघड्या, यंत्र तिरपे आणि भिंत चुन्याची असेल, तर पुढच्या रांगेला चित्र दिसते आणि शेवटच्या बाकावरील मुलाला नुसता उजेड दिसतो. त्या मुलाला नकाशातील नदी आणि सरहद्द वेगळी ओळखता आली नाही, तर ती त्याची मंदबुद्धी नव्हे. एखादा जाड पडदा, एक भक्कम फळी आणि अर्ध्या तासाची जुळणी एवढ्यावर त्याचे काम भागते.

सारांश, क्रम असा: आधी अंधार, मग यंत्राची सरळ बैठक, मग पडद्याचा बेताचा आकार, मग फोकस, मग काळा आणि पांढरा, आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम उलटा केला, तर कितीही पैसे मोजले तरी समाधान होत नाही. क्रमाने गेले, तर मध्यम किमतीचे यंत्रही चांगले चित्र देते. नवे यंत्र घेण्याचा विचार मनात असेल, तर आधी एक रात्र जुन्या यंत्रावर हा प्रयोग करून पाहावा.