बाजाराच्या वाटेवर चालकाचे अवधान

मावळ व मुळशी तालुक्यांतील भाजीपाला आणि फुले घेऊन अनेक टेम्पो पहाटे पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाकडे निघतात. त्यांपैकी काही चांदणी चौकातून महामार्गाने वारज्यावरून पुढे जातात. एके काळी वारजे हे शेतीचे गाव होते. आज ते शहरात सामावलेले असून येथील सेवारस्त्यांवरून दुचाकी व रिक्षा महामार्गावर येत असतात. नेमक्या याच ठिकाणी चालकाच्या खिशातील मोबाइल वाजू लागतो. गाडी कोठवर आली, हे आडत्यास हवे असते. घरच्या मंडळींस भावाची उत्सुकता असते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. फोन कोणाचा हे पाहण्यात तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात ५० मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो. पुढील वाहन थांबलेले दिसल्यावर ब्रेकवर पाय जाण्यासही काही क्षण लागतात, ते वेगळेच.

कानात यंत्र अडकवून बोलल्यास धोका टळतो, हा समज बरोबर नव्हे. हात मोकळे राहतात, परंतु मन भावाच्या घासाघिशीत गुंतते आणि डोळ्यांसमोरील दुचाकीही ध्यानात येत नाही. शेजारी बसलेला सोबती अडचण दिसताच बोलणे थांबवितो. यार्डातून बोलणाऱ्यास रस्ता दिसत नाही. ट्रॅक्टरवर तर इंजिनाच्या आवाजामुळे फोन कानाशी दाबून धरावा लागतो व स्टिअरिंग एका हातावर राहते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, वाहन चालविताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

भावाची बोलणी गाडी सुटण्यापूर्वीच उरकावीत. फोन सोबत्याकडे द्यावा. चालक एकटा असल्यास आवाज बंद करून दूर ठेवावा. बोलणे अगदीच निकडीचे असेल, तर गाडी एखाद्या ढाब्याच्या आवारात घ्यावी. अंधारात महामार्गाच्या कडेला उभी करू नये, कारण मागून येणारे वाहन तीवर आदळण्याचा संभव असतो. यार्डात पोहोचल्यावर चालकानेच फोन करावा, असे घरी ठरवून ठेवणे इष्ट होय. तरीही कोणास फोन करावा लागलाच, तर गाडी चालू आहे काय, हे प्रथम विचारावे आणि होकार येताच फोन ठेवावा.