ग्रीस घ्यावे ते रंगावरून नव्हे, नंबरावरून

आमचा धंदा कापडाचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माल टेम्पोवर चढवून पेठेत पोहोचवणे हे रोजचेच काम. चाकाचे एक बेअरिंग वाटेत जाम झाले, तर गाठी तिथेच अडकतात, दुसऱ्या गाडीचे भाडे अंगावर पडते आणि गिऱ्हाईक हातचे जाते. म्हणून ग्रीसचा विषय जितका गॅरेजमधल्या कारागिराचा, तितकाच गाडी बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचाही आहे. तरीही दुकानात बहुतेक जण ‘पिवळे द्या’, ‘निळे द्या’ एवढेच सांगून डबा घेतात. रंग हा बहुधा कारखान्यात मिसळलेला असतो. त्यावरून आतला माल कळत नाही.

साबण कोणता?

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. वंगणाचे काम तेल करते, साबण त्याला जागेवर ठेवतो. जुन्या पद्धतीचे कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगले टिकते, पण साधारण 60 अंशांपुढे त्याचा भरवसा नाही. ब्रेकने तापणाऱ्या चाकात ते घालू नये. लिथियम ग्रीस सुमारे 120 अंशांपर्यंत काम देते आणि गाडीच्या बहुतेक जागांना चालते. चाक फार तापत असेल, तर लिथियम कॉम्प्लेक्स घ्यावे.

नंबर कशाचा?

डब्यावरचा नंबर घट्टपणाचा असतो. तो 000 पासून 6 पर्यंत चढत जातो. 25 अंश तापमानाला ग्रीसमध्ये ठराविक वजनाचा शंकू सोडतात आणि तो पाच सेकंदांत किती रुतला ते पाहतात. 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतला तर नंबर 2, आणि 22 ते 25 मिलिमीटर रुतला तर नंबर 3. गनने भरायच्या निपलांना बहुधा नंबर 2 ठीक. आपल्याकडे चाकाच्या बेअरिंगला नंबर 3, म्हणजे बाजारातले ‘एपी-3’, पुष्कळ वापरतात. शेवटचा शब्द मात्र गाडीच्या पुस्तकाचा. ‘ईपी’ ही अक्षरे जड बोजा सोसणाऱ्या ग्रीसची. ब्रेक कॅलिपरच्या पिनांना साधे ग्रीस लावू नये, त्याने आतले रबर फुगते. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवे.

दोन जातींची सरमिसळही टाळावी. लिथियम ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचे ग्रीस मिसळले, की दोन्ही पातळ होऊन गळू शकतात. जात बदलायची असेल, तर बेअरिंग धुऊन पुसून मगच नवे भरावे. हबमधली मोकळी जागा ठासून भरू नये. बेअरिंग नीट माखले आणि पोकळीचा तिसरा हिस्सा भरला की पुरे. जास्त झाले तर ते घुसळून तापते.

गन कोणती?

नव्या मोटारींत बरीच बेअरिंगे बंद असतात, त्यांना निपलच नसतो. गनचे खरे काम टेम्पो, जीप, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्या किंगपिन, शॅकल पिन आणि जॉइंट क्रॉसवर. लिव्हरच्या गनला दोन्ही हात लागतात, पण जोर चांगला मिळतो. पिस्तुलासारखी गन एका हाताने चालते, गाडीखाली अडचणीच्या जागी ती सोयीची. दिवसभर गाड्या येणाऱ्या गॅरेजला बकेट पंप परवडतो. कोणतीही घ्या, निपलला धरणारा जबडा आणि नळी पारखून घ्या. जबडा ढिला असेल, तर अर्धे ग्रीस बाहेरच पडते.

भरण्याआधी निपल पुसावा, नाहीतर धूळ आत जाते. किंगपिनला भरताना चाक जॅकवर उचलावे, म्हणजे ग्रीस सगळीकडे पोहोचते. किंगपिन आणि जॉइंट क्रॉसमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. रबरी टोपी असलेल्या जोडात टोपी जरा फुगू लागताच थांबावे. नवे ग्रीस भरूनही गन देत नसेल, तर आत हवा अडकली आहे असे समजावे. हवेचा वॉल्व्ह दाबावा, तो नसेल तर डोके एक आटा सैल करून चालवावे.

बोट सांभाळा

मोटारीच्या टायरमधली हवा तीस-पस्तीस पीएसआयची, तर हाताच्या गनचा दाब पाच हजारांच्याही वर जातो. फाटलेल्या नळीतून सुटलेली धार कातडीतून थेट आत शिरते. वर सुईएवढे छिद्र दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून कारागीर फडके बांधून कामाला लागतो. आत मात्र मांस सडू लागते आणि बोट कापायची पाळी येते. अशा वेळी तडक मोठे इस्पितळ गाठावे आणि ‘दाबाने ग्रीस आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चिरलेली नळी टेप गुंडाळून वापरू नये, लगेच बदलावी. चालू गनच्या नळीला हाताने धरू नये, हे शागिर्दाला पहिल्याच दिवशी शिकवावे. आणि गनवर कागदाची पट्टी चिकटवून आतल्या ग्रीसची जात व नंबर लिहून ठेवावा, म्हणजे पुढचा भरणारा चुकणार नाही.