अर्धं उत्तर हाती आलं तर...

४ जून २०२४ रोजी लोकसभेची मतमोजणी झाली. लखनौ मतदारसंघात पाच विधानसभा क्षेत्रं येतात. तिथली मतंही इतर ठिकाणांसारखीच फेरीफेरीने मोजली गेली. एक फेरी संपली की तिचे आकडे जाहीर होतात, मग पुढची फेरी. तोवर उमेदवाराच्या नावापुढे फक्त ‘आघाडीवर’ असं दिसतं. ‘विजयी’ हा शब्द शेवटी येतो. राजनाथ सिंह १,३५,१५९ मतांनी निवडून आले, हा पक्का आकडाही सगळी मोजणी संपल्यावरच मिळाला.

तुमच्या मोबाइलमध्येही असंच काहीसं चालतं. अ‍ॅपमध्ये तुम्ही काही विचारता तेव्हा ते काम बऱ्याचदा दूरच्या संगणकाला सांगितलं जातं. या पद्धतीला ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ म्हणतात. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांचा यावरचा गाजलेला शोधनिबंध १९८४ सालचा. त्या पद्धतीत प्रश्न पाठवायचा, थांबायचं आणि संपूर्ण उत्तर एकदमच घ्यायचं.

पण उत्तर लांबलचक असेल तर किती वेळ रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसायचं? म्हणून जेवढं तयार झालं तेवढं लगेच पाठवण्याची सोय आली. हेच स्ट्रीमिंग. गूगलने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘जीआरपीसी’ प्रणालीत ही सोय आहे. त्यात तुकडे क्रमाने येतात आणि सगळ्यात शेवटी एक वेगळी खूण येते: काम नीट पूर्ण झालं की बिघडलं. ती आलीच नाही, तर उत्तर अपुरं आहे असं धरायचं.

एआय चॅटबॉटचं उत्तर शब्दाशब्दाने उमटतं तेही स्ट्रीमिंगच. ते तयारच तसं होतं, एकापुढे एक शब्द जोडत.

इथेच सांभाळायला हवं. समजा, तुम्ही आईच्या औषधाबद्दल विचारलंत. मात्रा सुरुवातीलाच दिसली आणि तेवढ्यात नेट गेलं. ‘मूत्रपिंडाचा त्रास असेल तर घेऊ नका’ ही ओळ शेवटी येणार होती, ती आलीच नाही. वरचा मजकूर मात्र अगदी पूर्ण वाटतो.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• शेवटचं वाक्य पूर्ण आहे ना, ते पाहा. तुटलेलं वाटलं तर प्रश्न पुन्हा विचारा.

• उत्तर पूर्ण येण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकू नका.

• औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. चॅटबॉटचं पूर्ण उत्तरही चुकीचं असू शकतं.

लॅबचा रिपोर्ट हातात घेतानाही हीच नजर ठेवा. रक्ताच्या कल्चर तपासणीत जंतू वाढायला वेळ लागतो, म्हणून आधी प्राथमिक आणि काही दिवसांनी अंतिम रिपोर्ट मिळतो. प्राथमिक रिपोर्टवर डॉक्टर उपचार सुरू करतात, पण अंतिम रिपोर्ट आणायला विसरू नका.