गावोगावच्या रीती (भाग 11) : शिराळ्याची नागपंचमी

मागच्या भागात बावधनचं बगाड पाहिलं. आता आणखी दक्षिणेला जाऊ. पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्याला पश्चिमेकडे वळलं, की सांगली जिल्ह्यातलं शिराळा लागतं. पूर्वी आसपासची बत्तीस खेडी याच्या अखत्यारीत होती, म्हणून बत्तीस शिराळा. मुलूख पावसाचा नि भाताचा. खाचरं आली की बांध आले, बांधात उंदरांची बिळं आली आणि उंदरांच्या मागावर नाग. इथल्या नागपंचमीचं मूळ लोक कथेत शोधतात. मला ते आधी या बांधांत दिसतं.

पण कथाही सांगायला हवी. गोरक्षनाथ भिक्षा मागत महाजनांच्या दारी आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, त्यामुळे भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं. तिने सांगितल्यावर ते म्हणाले, ‘जिवंत नाग पुजशील का?’ ती ‘हो’ म्हणाली, आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजायची रीत पडली. गोरक्षनाथांचं देऊळ गावात आहे, महाजनांच्या घराचा मानही चालत आला आहे. कथेतली बाई नागाला घाबरत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बायका पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपवास धरतात, कारण नाग हा भाऊ. इतरत्र हा भाऊ पाटावर गंधाने काढलेला किंवा मातीचा असतो. शिराळ्यात तो खरोखर दारी यायचा आणि त्याला ओवाळलं जायचं.

हा भाऊ आणायचा कसा, याचं एक शास्त्रच गावाने जपलं होतं. अंबामातेला कौल लावायचा आणि मगच बाहेर पडायचं. बांधावर चिखलात उमटलेला माग, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, सतत ये-जा करून गुळगुळीत झालेली माती, एवढ्यावरून जाणता माणूस बिळात कोण आहे ते ओळखायचा. मग बीळ बेताने उकरायचं, शेपटी धरायची आणि काठीच्या आधाराने नाग उचलायचा. घरी तो मडक्यात ठेवायचा आणि तोंडाला फडकं बांधायचं. दात काढायचे नाहीत, हा शिराळकरांचा अभिमान. गारुड्यांशी आपली तुलना केलेली त्यांना अजिबात खपत नाही. सण झाला, की जिथून आणला त्याच रानात नेऊन सोडायचा.

पुढे घरच्या पूजेभोवती जत्रा वाढली. मंडळं झाली, मिरवणुकीला वाहनं आली, सर्वांत लांब नाग कुणाचा, उंच फणा कुणाचा यावर बक्षिसं लागली. परदेशी छायाचित्रकारही येऊ लागले. माझ्या मते रीत बिघडली ती इथे. नागाला हवेतलं संगीत आपल्यासारखं ऐकू येत नाही, पण जमिनीतून येणारी कंपनं नेमकी कळतात. बँड-ताशाच्या गर्दीत त्याचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. दूध हे त्याचं अन्न नाही. फण्यावर टाकलेलं हळदकुंकू त्याच्या डोळ्यांत जातं, आणि सापाला पापण्या नसतात.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याचा बडगा शिराळ्यात दिसायला मात्र बराच काळ गेला. न्यायालयात लढाई झाली आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने नाग पकडणं, खेळवणं, मिरवणं बंद पडलं. पंचमीला वन खात्याची पथकं गावात फिरू लागली. गाव दुखावलं. ‘आम्ही नाग मारत नाही, पुजतो, मग गुन्हेगार कसे?’ हा त्यांचा सवाल अजूनही आहे, आणि तो खोटा नाही. फक्त बक्षिसांच्या मंडळांना त्याचा आडोसा घेता येत नाही. 2025 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने 21 जणांना शैक्षणिक कारणासाठी नाग पकडायची मुभा दिली, पण स्पर्धा-मिरवणुकीला ती लागू नव्हती.

आता महाजनांच्या घरी मातीचा नाग पुजला जातो, पालखी अंबामातेच्या देवळाकडे जाते, मंडळांच्या गाड्यांवर नागाच्या प्रतिमा असतात. म्हणजे जत्रा गेली तरी पूजा टिकली. अडचण आहे ती त्या शास्त्राची. माग ओळखणं पुस्तकातून येत नाही, ते बांधावर, जाणत्याच्या मागे चालूनच येतं. ज्यांनी बंदीनंतरच बांध पाहिला, त्या पोरांना ते कोण शिकवणार? घरात शिरलेला नाग धरून रानात सोडण्यापुरतं ते ज्ञान वन खात्याच्या देखरेखीखाली चालू ठेवता येईल, असं मला वाटतं. तसं शिक्षण द्यायचं तर त्याची सुरुवात शिराळ्याच्याच म्हाताऱ्यांपासून व्हावी.

पुढच्या आठवड्यातही मुक्काम शिराळ्यातच. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, शके 1576 मधला. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना झरोके आहेत, ते कशासाठी ठेवले ते पाहू.