खर्च काढायला शिकवणारा आश्रम

गाईचं वजन करायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा, मग खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत वजन मिळतं. घेर 66 आणि लांबी 56 भरली तर गाय साधारण 370 किलोची. गणित एवढ्यावर संपलं असतं तर ते शाळेतलंच राहिलं असतं. पण वजन कळलं की गाईला रोज किती चारा लागेल ते काढता येतं, कारण कोरड्या वजनात धरलं तर ती स्वतःच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के खाते. मग त्या चाऱ्याचे पैसे किती, आणि दुधातून ते सुटतात का, हे प्रश्न आपोआप समोर येतात. धंद्याचं शिक्षण कुठून सुरू होतं असं कुणी विचारलं, तर मी या टेपकडे बोट दाखवीन.

ही टेप मला भेटली ती पाबळच्या विज्ञान आश्रमामुळे. पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं अवर्षणप्रवण गाव. मस्तानीची कबर इथली, म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक असतं. डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 मध्ये इथे येऊन राहिले, ते मात्र वेगळ्या कारणासाठी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय संशोधन संस्था, मग हिंदुस्थान लिव्हरची प्रयोगशाळा, अशी त्यांची वाट होती. ती नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी पत्नी मीरा यांच्यासह हे कोरडं गाव निवडलं. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून आश्रम उभा राहिला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सामान्य गावासारखं गाव त्यांना हवं होतं; इथे जमलं तर दुसरीकडेही जमेल, हा त्यामागचा हिशेब. 2003 मध्ये ते गेले. काम थांबलं नाही.

आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा, निवासी. ग्रामीण तंत्रज्ञानाची ही पदविका राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मान्यतेची आहे. पुस्तकी अभ्यासात मागे पडलेली, शाळा सुटलेली मुलंही इथे येतात. चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. सगळ्यांनी चारही विभागांतून जायचं. मुलगे स्वयंपाकघरात, मुली वेल्डिंगच्या ठिणग्यांसमोर. एकाच हुन्नरात पारंगत करण्याचा इथे आग्रह नाही, आणि मला ते पटतं. गावात फक्त वेल्डरला वर्षभर काम मिळत नाही. जो ग्रिल बसवतो, नळ जोडतो, मोटरची वायर बघतो, त्याचं घर चालतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते खर्च काढणं. अँगलचं एक स्टूल घ्या. 25 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाडीचा अँगल सहा मीटर लागला असं धरू. लोखंडाच्या दुकानात तो मीटरवर नाही, वजनावर मिळतो. मीटरला 1.1 किलो, म्हणजे 6.6 किलो. कापताना उरलेले तुकडे कुणाच्या पदरात घालायचे? रॉड किती जळले, कटिंगची चकती किती झिजली, प्रायमर आणि ऑइलपेंट किती लागला, वीज किती गेली? इथपर्यंत हुशार मुलगा स्वतःहून पोचतो. पुढचे दोन रकाने त्याला शिकवावे लागतात.

एक घसाऱ्याचा. वेल्डिंगचं मशीन आज संस्थेचं असेल, पण ते दर दिवशी थोडं थोडं संपतंय. ही रक्कम आज धरली नाही, तर उद्या स्वतःचं मशीन बंद पडेल तेव्हा दुसरं घ्यायला हातात काही नसेल. दुसरा रकाना मजुरीचा, स्वतःच्या मजुरीचा. तो भरणं आपल्याकडे सर्वांत जड जातं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाने आईबापांच्या कष्टाला हिशेबात कधी जागा मिळालेली पाहिलेली नसते. खत धरलं, बियाणं धरलं, घरच्या माणसांचे हात फुकटचे. त्यामुळे तो स्वतःचा दिवस शून्याला लावतो, स्वस्तात माल देतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि वर्षभरात दुकान बंद. मजुरीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला लावणारा शिक्षक त्या मुलाला उभा करतो, असं मला मनापासून वाटतं.

आणि गिऱ्हाईक खरं असावं लागतं. आश्रमाने काम करत शिकण्याची ही पद्धत आठवी ते दहावीच्या शाळांतही नेली: आठवड्यातून एक दिवस कामाचा, माध्यमिक मंडळाची मान्यता असलेला विषय म्हणून. शाळेतली मुलं गावासाठी कामं करतात, मालाचा खर्च काम करून घेणाऱ्याने द्यायचा. शेजारच्या काकूंच्या नळातून पाणी गळलं तर त्या गुणपत्रिका बघत नाहीत, मुलाला परत बोलावतात. पुढे राज्यातल्या अनेक शाळांत मल्टी स्किल नावाने जो विषय आला, त्याचं मूळ इथे आहे. तिथे पुस्तक आणि तोंडी परीक्षा टिकून गावची कामं गळून जाऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाईक गेलं की विषयाचा प्राणच गेला.

पाबळसारख्या गावात सर्वांत मोठं गिऱ्हाईक पाण्याचं. काळ्या कातळात पाणी असतं ते भेगांत आणि मुरमात. आश्रमात मुलं जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकली. एका रेषेत चार खुंट्या, बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये विद्युतदाब मोजायचा, खुंट्यांमधलं अंतर वाढवत खोलवरचा अंदाज घ्यायचा. कर्ज काढून विहीर खणणाऱ्या माणसाला या मोजणीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आश्रमातली साधनं एवढ्यावर थांबली नाहीत. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची कार्यशाळा, इथे आली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. संगणकाच्या आज्ञेवर कापणारी यंत्रं त्याच आवारात आली जिथे मुलं विटा रचायला शिकतात.

धंद्याची खरी कसोटी मात्र मला कोंबड्यांच्या शेडमध्ये दिसते. ब्रॉयलरच्या एका बॅचमध्ये खर्चाचा जवळपास 70 टक्के भाग खाद्याचा असतो. रोज किती खाद्य घातलं, किती पिल्लं मेली, वजन किती वाढलं, हे वहीत उतरलं नाही तर नफा कुठे गेला ते शेवटपर्यंत कळत नाही. सहा आठवड्यांत पक्षी तयार होतो आणि नेमका त्याच दिवशी भाव पडतो. आज विकावं की चार दिवस थांबावं? थांबलं तर पक्षी खातच राहणार, आणि मोठा झालेला पक्षी खाल्लेल्या किलोमागे वजन कमी देतो. अशा वेळी वही उघडायची, कालचं खाद्य आणि कालची वाढ शेजारी शेजारी मांडायची, आणि व्यापारी फोनवर आहे तोवर उत्तर द्यायचं.