टोमॅटोला कॉलम टाकताय का?

गेल्या पावसाळ्यात गच्चीतला टोमॅटो तिसऱ्यांदा आडवा झाला. बांबूची कामटी बुडाशी कुजली होती, सुतळी भिजून सैल पडली होती आणि हिरवी फळं शेजारच्या काकूंच्या वाळवणात गेली होती. रागारागाने समोरच्या इमारतीच्या साइटवर गेले आणि सळईचे उरलेले तुकडे मागितले. सळया बांधणाऱ्या मामांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सळईकडे. म्हणाले, "ताई, एवढ्याशा रोपाला कॉलम टाकताय का?"

मामांनी थट्टा केली, पण त्या थट्टेत दीडशे वर्षांचा इतिहास होता. तो मलाही नंतर कळला.

सळई मूळची बागेतलीच

काँक्रीटच्या पोटात लोखंड घालायचं पेटंट एका माळ्याने घेतलं. इंजिनिअर नाही, गवंडी नाही, माळी! पॅरिसच्या जोसेफ मोनियेला मोठ्या रोपांच्या कुंड्यांचा वैताग आला होता. लाकडी कुजायच्या, मातीच्या फुटायच्या. त्याने लोखंडी जाळीचा सांगाडा केला, त्यावर सिमेंट थापलं आणि १६ जुलै १८६७ रोजी या कुंडीचं पेटंट घेतलं. पुढे त्याच युक्तीने पाइप झाले, टाक्या झाल्या, आणि १८७५ मध्ये फ्रान्समधल्या शाझले इथे चक्क पूल झाला. जर्मन बांधकाम मजूर सळईला आजही 'मोनियेचं लोखंड' म्हणतात. म्हणजे मी सळई साइटवरून गच्चीत आणली, ती खरं तर माहेरी आली. खुद्द मोनिये मात्र १८८८ मध्ये दिवाळखोर झाला. जगभरचे स्लॅब त्याच्या कल्पनेवर उभे राहिले, त्याचा धंदा तेवढा बसला.

डी स्क्वेअर बाय १६२

साइटवर हा मंत्र सगळ्यांना पाठ असतो. सळईच्या जाडीचा, म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा, १६२ ने भागा, आलं एका मीटरचं वजन किलोत. आठ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ३९५ ग्रॅम भरते. पूर्ण लांबीची, म्हणजे १२ मीटर किंवा बोलीभाषेतली चाळीस फुटी सळई पावणेपाच किलोच्या आसपास.

आता गंमत बघा. टोमॅटोच्या पिंजऱ्याला पाच-पाच फुटांचे चार उभे गज लागतात, झाले वीस फूट. एक फूट बाजूच्या चार चौकोनी रिंगा, प्रत्येकीला तीन इंच जोड धरून सवाचार फूट, झाले सतरा. एकूण सदतीस. एका सळईत एक आख्खा पिंजरा बसतो आणि वर जेमतेम अडीच फुटांचा तुकडा उरतो. तो मिरचीला!

या रिंगा घरी वाकवायचा हट्ट मी एकदा केला. चौकोनाऐवजी जिलबी झाली. कॉलमसाठी लागतात त्याच चौकोनी रिंगा स्टीलच्या दुकानात तयार मिळतात हे त्यानंतर कळलं. चार गज, चार रिंगा, कोपऱ्यांवर बाइंडिंग वायरचे वेढे आणि हुकाने दोन पीळ, की झालं. वेल्डिंगची गरजच नाही. आणि हो, सळईवरचे ते आडवे-तिरपे उंचवटे काँक्रीटने सळईला घट्ट धरावं म्हणून असतात. अर्नेस्ट रॅन्समने १८८४ मध्ये अमेरिकेत पिळाच्या सळईचं पेटंट घेतलं, तेही याच पकडीसाठी. आपल्या कामाचं एवढंच की या उंचवट्यांमुळे सुतळीची गाठ खाली घसरत नाही. गुळगुळीत पाइपावर ती दोन दिवसांत बुडाशी येऊन बसते.

एक मात्र कराच. गजाचं वरचं टोक मुडपून घ्या, नाहीतर त्यावर बाटलीचं बूच किंवा जुना टेनिस बॉल बसवा. मोगऱ्याचा वास घ्यायला वाकले असताना सळईचं टोक माझ्या चष्म्याच्या काचेवर खट्कन आपटलं होतं. चष्मा नसता तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

आकडा मोठा, तार बारीक

हार्डवेअरच्या दुकानात नवखा माणूस इथेच फसतो. जाड तार हवी म्हणून अठरा गेज मागतो आणि हातात सव्वा मिलिमीटरची मऊ तार येते. बारा गेज मागितली असती तर अडीच मिलिमीटरहून जाड मिळाली असती. कारण सोपं आहे. तार बारीक करायला ती साच्याच्या भोकांतून ओढतात आणि जितक्या वेळा ओढली तितका तिचा आकडा, असा या मोजणीचा उगम. जास्त ओढाताण झाली की तार रोडावते. माणसांचंही तसंच होतं म्हणा.

जीआय तारेतला 'जी' हा लुइजी गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाचा. मेलेल्या बेडकाच्या तंगड्या धातूंच्या स्पर्शाने उडतात हे त्याने अठराव्या शतकात दाखवलं. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट फ्रान्सच्या सोरेलने १८३७ मध्ये घेतलं आणि या मुलाम्याला गॅल्व्हानीचं नाव चिकटलं. जस्त इथे लोखंडाच्या वतीने मरतं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. मात्र हीच तार किंवा पाइप वेल्डिंगच्या ज्वाळेत धरली की जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढायचं आणि काम मोकळ्या हवेत करायचं. फॅब्रिकेशनवाल्याला हे ठाऊक असतं. हौशी मंडळींना नसतं.

भंगारातले राजे

टेबल फॅनची जाळी शेवंतीला टोपीसारखी लावा. रोप लहान असतानाच तीन पायांवर आडवी बसवायची, फांद्या खाचांतून आपोआप वर येतात आणि महिन्याभरात जाळी दिसतही नाही. डेलियालाही हाच इलाज.

सायकलची रिम एका उंच पाइपावर आडवी बसवा, आऱ्यांच्या भोकांतून सुतळ्या खाली सोडा आणि कुंडीच्या कडेला बांधा. चवळीचा तंबू तयार!

मोडक्या छत्रीचं कापड काढून सांगाडा उघडा ठेवला की गणेशवेलीला झक्कास मांडव मिळतो. छत्रीच्या या पोलादी काड्या इंग्लंडच्या सॅम्युएल फॉक्सने १८५२ मध्ये आणल्या. त्याआधी छत्रीत देवमाशाच्या तोंडातली लवचीक पट्टी वापरत. कोंबडीची षटकोनी जाळीही इंग्लंडचीच. नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने १८४४ मध्ये कापडाच्या मागावरून कल्पना उचलून तारा विणल्या. काकडीला ही जाळी फार मानवते, कोंबड्यांचं त्यांनाच माहीत.

वेलीला काय हवं, हे वेलीला विचारा

आमच्या सोसायटीत एका हौशी सभासदाने दुधीसाठी चार इंची पाइप रोवला. दिसायला दणकट, रंगही झकास. दुधी त्याच्याकडे ढुंकूनही बघेना. बघणार कशी? दुधी, काकडी, दोडका चढतात ते तणाव्यांनी, त्या स्प्रिंगसारख्या हिरव्या धाग्यांनी. त्यांना पेन्सिलीएवढी बारीक काडी हवी, जिला दोन-तीन वेढे देता येतील. पाइपाला मिठी मारायला हात कुठून आणायचे? शेवटी त्या पाइपावर जाळी गुंडाळली तेव्हा कुठे काम झालं.

या सगळ्याचा छडा चार्ल्स डार्विनने लावला होता. वेलींच्या हालचालींवरचा त्याचा प्रबंध १८६५ चा. कृष्णकमळाच्या एका भाऊबंदाचा तणावा स्पर्शानंतर साधारण अर्ध्या मिनिटात वळू लागतो हे त्याने घड्याळ लावून पाहिलं. त्याहून भारी गोष्ट अशी, की पावसाचे थेंब कितीही पडले तरी तणावा फसत नाही. पाणी कोणतं आणि काडी कोणती, त्याला कळतं. सेरोपेजियाच्या एका कोंबाचा शेंडा तर आधार शोधत पाच फुटांहून मोठ्या वर्तुळात फिरतो, हे त्याने मोजलं. सेरोपेजिया म्हणजे आपलं कंदीलपुष्प, सह्याद्रीत ज्याच्या दुर्मीळ जाती शोधत वनस्पतिप्रेमी पावसात भटकतात, तेच.

काकडीचा तणावा जवळून बघा. अर्धा भाग एका दिशेने पिळलेला, अर्धा उलट दिशेने आणि मध्ये थोडासा सरळ तुकडा. दोन्ही टोकं पक्की असताना धाग्याला पीळ घालायचा तर दुसरा मार्गच नसतो. जुन्या लँडलाइन फोनची वेटोळी वायर अशीच मध्येच उलटायची, आठवतंय? २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात आणखी एक खोडी उघड झाली. पिकलेला तणावा ओढला की सुटण्याऐवजी आधी आणखी पीळ घेतो. वाऱ्याने हिसडा दिला तरी वेल हात सोडत नाही, ती अशी.

वाल, चवळी यांना तणावे नसतात, त्यांचा अख्खा देठच गरगर फिरत चढतो. जगातल्या अशा वेलींपैकी शंभरातल्या सुमारे ९२ एकाच बाजूने वळतात, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारख्या. विषुववृत्ताच्या वर असोत की खाली, फरक पडत नाही. पण कोकणातल्या परसात जाऊन करांदा आणि कोनफळ शेजारी शेजारी बघा. एकाच कुळातले, तरी एक डावीकडे वळणारा, दुसरा उजवीकडे. हाताने सोडवून उलट गुंडाळलात तर वेल निमूट सुटते आणि परत आपल्याच वाटेने चढते.

मनी प्लांटचं वेगळंच. लोंबकळत ठेवला तर पानं तळहाताएवढी, चढायला खांब दिला तर पानं सुपाएवढी होऊ शकतात.

जरा हलू द्या!

आधार घट्ट हवा, हा सर्वांत मोठा गैरसमज. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जाफी यांनी १९७३ मध्ये रोपांचे देठ रोज नुसते चोळून दाखवलं की अशी रोपं बुटकी पण जाडजूड होतात. वारा हेच काम फुकटात करतो. खांबाला जखडून ठेवलेलं झाड उंच होतं, पण देठाने नाजूक राहतं, आणि आधार काढला की कोसळतं. म्हणून गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधायची, एक वेढा सळईला, एक देठाला, मध्ये फुली. बांधायला तार नको. जुन्या सुती साडीची पट्टी किंवा परकराची नाडी उत्तम. आईच्या पातळाची किनार माझ्या वांग्याला दोन वर्षं पुरली.

सूर्यफुलाला काठी पश्चिमेला रोवा. तरुण सूर्यफूल सूर्यामागे फिरतं, पण फूल पूर्ण उमललं की तोंड पूर्वेला करून थांबतं आणि त्याच बाजूला वाकतं. शिवाय आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा रोप काठीपासून दूर ढकललं जातं, तिच्यावर घासत नाही. जर्मनीत २०१४ मध्ये एका सूर्यफुलाने ९.१७ मीटर गाठले होते. तीन मजली इमारतीएवढं फूल! त्याला कामटीने काय होणार?

शेतकरी तर कधीच पुढे गेलाय

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव वर्षानुवर्षं उभे आहेत. नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो बांबू आणि तारेवर चढतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून दीडशे-दोनशेला गेला तेव्हा काठीला सोनं बांधून हिंडणं म्हणजे काय ते त्या बागांत दिसलं. ड्रॅगन फ्रूटला सिमेंटचा खांब, वर गोल रिंग, आणि खांबाच्या पोटात पुन्हा मोनियेची सळई. पानमळेवाले सगळ्यांचे गुरू. ते शेवरी, हादगा, पांगारा लावून जिवंत खांबांवर नागवेल चढवतात. गंजायची भीतीच नाही!

गंजावरून आठवलं. सळई गंजली की रोपाला लोह मिळतं असं सांगणारे आणि फळ धरत नाही म्हणून झाडाला खिळा ठोकणारे अजून भेटतात. गंजातलं लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, झाडाला ते सहजी घेता येत नाही. गंजाने झाडाचं काही बिघडत नाही आणि घडतही नाही. बिघडते ती फरशी. माझ्या गच्चीत चार तांबडे चौकोन आहेत, चिंचेने घासले तरी जात नाहीत. त्यामुळे आता सळईला दोन हात रेड ऑक्साइड आणि पायाखाली जुनी ताटली.

जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीमागे घराच्या बांधकामातल्या सळया पडल्या असतील, तर त्या भंगारवाल्याला किलोने देण्याआधी टेप लावून मोजा. सदतीस फूट भरल्या तर टोमॅटोचा पिंजरा. आणि फक्त अडीचच फूट निघाले, तरी मिरची आहेच.