थरातला हायड्रोजन मोजायचा कसा?

प्रकाशावर चालणारा छोटा कॅल्क्युलेटर तुमच्याही घरी असेल. माझ्या दवाखान्यात खिडकीपाशी एक अजून चालतो. त्याच्या काळपट पट्टीत काचेवर सिलिकॉनचा थर असतो, केसाहून कितीतरी पातळ. त्यातल्या अणूंची रचना विस्कळीत. काहींचा एखादा हात मोकळा राहतो आणि विजेचे इलेक्ट्रॉन तिथे अडकतात. हायड्रोजन तो मोकळा हात धरतो, म्हणून पट्टी वीज देते. शंभर अणूंत साधारण दहा हायड्रोजनचे असतात. पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या आयआयटीत अशा थरांवर पुष्कळ काम झाले आहे.

एक चौरस सेंटीमीटर, एक मायक्रॉन जाडीच्या थरातला सगळा हायड्रोजन बाहेर काढला, तर हवेच्या नेहमीच्या दाबाला तो घनसेंटीमीटरचा जेमतेम शंभरावा हिस्सा भरतो. आमच्या औषधाचा एक थेंबही याहून मोठा! (औषधात मूळ द्रव्य किती उरते, हे मला आयुष्यभर विचारले गेले, त्यामुळे अल्पाचे मोजमाप करणाऱ्यांविषयी मला आदरयुक्त कुतूहल आहे.)

राजघाटावरची ओली वाळू तव्यावर तापवा. मोकळी ओल आधी उडते, फटींत दडलेली मागाहून. इथेही तेच. थराचा तुकडा निर्वात नळीत हळूहळू तापवतात. सुटलेल्या वायूवर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याचे आयन करतात आणि वस्तुमान-वर्णपटमापक ते वजनाप्रमाणे वेगळे करतो; हायड्रोजनचा रेणू 2 या अंकावर दिसतो. पोकळ, सच्छिद्र थरातला हायड्रोजन साधारण 350 ते 400 अंशांना सुटतो, घट्ट थरातला 550च्या पुढे. म्हणजे किती आहे एवढेच नव्हे, थर कसा जमला आहे तेही कळते. दुसऱ्या रीतीत आयनांच्या माऱ्याने थर खरवडत जातात. त्यात खोलीनुसार प्रमाण समजते, पण तुलनेला प्रमाण आधीच ठाऊक असलेला नमुना लागतो.

खरी फसगत नळीच करते. तापलेले पोलादही हायड्रोजन सोडते, आणि उरलेली पाण्याची वाफ फुटली की 2 अंकावर तीही थोडी डोकावते. म्हणून आधी रिकामी नळी तशीच तापवून तिचा आकडा वजा करायचा आणि मोजून सोडलेल्या हायड्रोजनने यंत्र पारखायचे. एवढे केले नसेल तर त्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

तापवलेला तुकडा मात्र वाया जातो. त्यामुळे थर चढवतानाच शेजारी एक जादा तुकडा ठेवतात, खास मोजण्यासाठी.